हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो मऊ का येतात आणि त्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, १५०-६०० मिमीची झूम, शटर १/१६०० सेकंद, हात हलल्याचा परिणाम कमी करणारा स्टॅबिलायझर चालू. तरी थंडीतल्या सकाळी पाणथळीवर काढलेले फोटो धुरकट आणि मऊ येतात. बगळा पांढराफटक होतो, पिसांची रेषसुद्धा दिसत नाही. बॅटरी दुपारच्या आत मान टाकते आणि घरी आल्यावर काचेवर बाष्प धरतं. लेन्स बदलावी का?

बदलू नका. १/१६०० ला हात हलल्याचा दोष जवळपास उरत नाही, आणि याच लेन्सने पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत फोटो चांगले येत होते असं तुम्हीच लिहिलं आहे. मऊपणा येतोय तो तुमच्या आणि पक्ष्याच्या मधल्या हवेमुळे, आणि ही हवा महागड्या काचेतूनही तशीच दिसते. मधलं अंतर कमी करणं हाच हिवाळ्यात खरा लागू पडणारा उपाय. पण ते आपण पक्ष्याकडे चालत जाऊन कमी करायचं नाही, पक्षी आपल्याकडे येईल अशा जागी आधीच बसून करायचं. बाकी सेटिंग्ज त्यानंतर.

आधी दोष नेमका कोणता ते ठरवा. फोटो १०० टक्के मोठा करून पाहा. पक्षी मऊ, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कडक (म्हणजे रेखीव, स्पष्ट) आलं असेल तर फोकस चुकला आहे. सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे; फक्त पंख किंवा डोकं ओढलेलं असेल तर पक्षी हलला आहे. पण फोटोत कुठेच काही कडक नसेल, कडा दुहेरी किंवा लाटेसारख्या वाकड्या असतील आणि लागोपाठच्या दहा फ्रेममध्ये मऊपणा दर वेळी वेगळा असेल, तर दोष हवेचा. सगळ्या फ्रेम सारख्याच फिकट, पण कडा मात्र जागच्या जागी असतील तर ते धुकं. खात्री करायची असेल तर ट्रायपॉडवर कॅमेरा लावून खडबडीत सालीचं एक खोड १० मीटरवरून आणि मग ५० मीटरवरून टिपा. जवळचं कडक आणि लांबचं मऊ आलं की लेन्स निर्दोष आहे.

धुक्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. धुक्यात कॉन्ट्रास्ट अंतराच्या सरळ प्रमाणात घटत नाही, दर टप्प्याला उरलेल्यातला ठरावीक वाटा गळत जातो. समजा दाट धुक्यात १०० मीटरपर्यंतच दिसतंय. अशा वेळी १० मीटरवरच्या पक्ष्याचा मूळ कॉन्ट्रास्टपैकी साधारण दोन तृतीयांश भाग तुमच्यापर्यंत पोचतो. २० मीटरवर निम्म्याहून किंचित कमी, ४० मीटरवर जेमतेम एक पंचमांश. म्हणून ४० मीटरवरचा खंड्या टिपून नंतर संगणकावर कॉन्ट्रास्ट ओढायला गेलात की पिसांऐवजी नॉइज (फोटोतले दाणे) वर येतो.

फ्रेमचा हिशोबही सोबत ठेवा. ६०० मिमीला एपीएस-सी बॉडीवर २० मीटर अंतरावर फ्रेमची रुंदी सुमारे ७८ सेंमी असते, ६० मीटरवर सुमारे २.३५ मीटर. १६ सेंमीचा छोटा खंड्या पहिल्या फ्रेममध्ये रुंदीचा पाचवा हिस्सा भरतो, दुसऱ्यात पंधरावा. फोटो क्रॉप करून मोठा केला की पक्ष्याबरोबर मधल्या हवेचा दोषही तितकाच मोठा होतो.

धुक्यापेक्षा फसवी असते ती हवेची थरथर, कारण आकाश निरभ्र असतं, ऊन छान असतं आणि डोळ्याला काहीच वावगं दिसत नाही. पाणी रात्रभरात हवेइतकं गार होत नाही. पहाटे थंड हवेखाली ऊबदार पाणी असतं, आणि पृष्ठभागालगत गरम-गार हवेचे थर मिसळत राहतात. वाफ दिसते तेव्हा कारण लक्षात तरी येतं. वाफ दिसत नसतानाही थरथर चालूच असते. ऊन चढल्यावर हेच उघड्या मातीवर, दगडी बांधावर, डांबरी रस्त्यावर होतं. त्यामुळे आडवं पडून पाण्यालगत कॅमेरा धरायचा हा एरवी उत्तम असलेला सल्ला इथे अडचणीत आणतो, कारण नजर नेमकी सगळ्यात खवळलेल्या थरातून जाते. माझं मत असं: पक्षी १५ मीटरच्या आत असेल किंवा आकाश ढगाळ असेल तर बिनधास्त जमिनीलगत जा. पक्षी ३० मीटरच्या पुढे आणि ऊन पडलेलं असेल तर मीटरभर उंच बसा. पार्श्वभूमी थोडी कमी सुंदर येईल, पण पिसं दिसतील. थरथर असताना एकेक फोटो काढत बसू नका. स्थिर पक्ष्याच्या १५-२० फ्रेम सलग घ्या; मधूनच क्षणभर हवा शांत होते आणि एखादी फ्रेम कडक मिळते.

ही थरथर आपणही तयार करतो, आणि याकडे फार जणांचं लक्ष जात नाही. ऊबदार खोलीतून किंवा गाडीतून काढलेली लेन्स बाहेरच्या थंडीत लगेच रोखली की लांब हूडच्या नळीत लेन्सची ऊब अडकते आणि थेट काचेसमोरच हवा घोळत राहते. मोठ्या लेन्सला बाहेरच्या तापमानाला यायला अर्धा तास तरी द्या. पक्षी आत्ताच समोर असेल तर तेवढ्यापुरता हूड काढा. गाडीच्या खिडकीतून फोटो काढत असाल तर हीटर बंद, इंजिन बंद, आणि समोरासमोरच्या दोन्ही काचा काही वेळ आधी खाली. नाहीतर खिडकीतून बाहेर पडणारी गरम हवा सगळे फोटो बिघडवते.

आता जागेबद्दल. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर ओल्या जमिनीवर पहाटे धुकं धरतं आणि ऊन लागल्यावर सहसा दोन-तीन तासांत उठतं. तुम्ही अंधारातच जागेवर बसलेले असायला हवं. उजेडात येणाऱ्या माणसाला पक्षी लांबूनच हेरतात आणि तेवढं अंतर राखून बसतात. आधीपासून जागेवर असलेल्या स्थिर आकाराची त्यांना बरीच कमी धास्ती वाटते. लपण साधं चालतं: जाळीचं कापड, त्यामागे बसकं स्टूल, मागे झुडूप. आपला आकार आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसू नये, एवढं पाहा. कपड्याच्या रंगापेक्षा हालचालीने पक्षी जास्त बिथरतात, म्हणून लेन्सचं तोंड आधीच पाण्याकडे करून ती बीनबॅगवर (लेन्सखाली ठेवायच्या छोट्या भरीव पिशवीवर) टेकवा आणि नंतर ती अगदी सावकाश फिरवा.

सूर्य पाठीशी हवा हे सगळे सांगतात. वाराही पाठीशीच हवा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याला सामोरे जातात. वारा तुमच्या पाठीकडून समोर वाहत असेल तर उडणारं बदक तुमच्या दिशेला झेपावेल आणि उतरणारं पंख पसरून, पाय पुढे टाकून तुमच्यासमोर उतरेल. वारा तोंडावर येत असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील. आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघून बसायची बाजू ठरवा. सूर्य आणि वारा एकमेकांच्या विरुद्ध असतील तर दोन्हींशी काटकोनात बसून पक्षी आडवा जाताना टिपा.

काठाने चरणारे तुतवार, चिखल्या, धोबी एका दिशेने सरकत जातात. दोन-चार मिनिटं नुसतं पाहा, दिशा ओळखा, लांबून मोठा वळसा घालून त्यांच्या पुढे ३०-४० मीटरवर जाऊन बसा आणि मग अजिबात हलू नका. चरत चरत ते आपणहून १०-१२ मीटरवर येतात. सरळ त्यांच्याकडे चालत गेलात तर ते दर वेळी तेवढंच पुढे सरकतील आणि शेवटी उडतील.

पक्ष्याला आपला त्रास होतोय हे तो उडण्याच्या बराच आधी सांगतो. चरणं थांबतं. मान ताणून उंच होते. फुगलेली पिसं अंगाला चिकटतात आणि गोलमटोल दिसणारा पक्षी अचानक सडपातळ होतो. एका पायावर उभा असलेला दुसरा पाय खाली टेकवतो. त्यानंतर विष्ठा टाकणं आणि किंचित खाली दबणं, आणि पक्षी हवेत. पहिली खूण दिसली की थांबा, दुसरी दिसली की मागे सरका. थंडीत हे जास्त कसोशीने पाळायचं, कारण छोटा पक्षी लांब, कडाक्याच्या एका रात्रीत केवळ शरीर ४० अंशांच्या आसपास गरम ठेवण्यासाठी वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत चरबी जाळू शकतो. सकाळचे पहिले दोन तास ती तूट भरून काढण्याचे, संध्याकाळचा शेवटचा तास पुढच्या रात्रीची बेगमी करण्याचा. नेमक्या याच वेळी उजेडही सुंदर असतो आणि आपणही तिथेच असतो. एका उड्डाणाच्या फोटोसाठी थवा उठवणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढून घेणं आहे. ते करू नका. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. दिवसा झोपलेलं घुबड सापडलं तर फोटो दाखवा, जागा सांगू नका.

फुगून बसलेला पक्षी मात्र थंडीतली पर्वणी असते. पिसांमध्ये हवा कोंडून तो स्वतःभोवती उबेचा थर करतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो. पहिलं ऊन पूर्वेकडच्या उघड्या फांदीच्या टोकावर पडतं आणि छोटे पक्षी तिथे येऊन पाठ उन्हाकडे करून बसतात. अशी फांदी आदल्या दिवशीच हेरून ठेवा. दुसऱ्या सकाळी थंडी तशीच असेल तर तिथे कोणी ना कोणी बसतंच.

बगळा जळण्याचं, म्हणजे पांढराफटक होण्याचं, कारण कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरमध्ये आहे. समोर जे काही असेल त्याची सरासरी मध्यम राखाडी करायची, एवढंच मीटरला कळतं. काळपट पाण्यावर छोटासा पांढरा बगळा असेल तर मीटर पाणी उजळायला जातो आणि बगळा जातो हातचा. तिथे १ ते १.७ स्टॉप कमी लागतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बर्फ असेल तर उलट, मीटर बर्फाला राखाडी करतो, म्हणून १.३ ते २ स्टॉप जास्त. धुक्यात ०.७ ते १.३ जास्त. चमकत्या पाण्यावरचा पाणकावळा असेल तर साधारण १ जास्त. पण पक्षी पाण्यावरून झाडीसमोर आणि तिथून आकाशात जाणार असेल तर दर वेळी हा हिशोब करायला वेळ मिळत नाही. त्यासाठी मॅन्युअल, म्हणजे सगळी सेटिंग्ज हाताने ठरवणं, बरं. एफ/६.३, शटर १/१६०० पक्कं करा. बगळ्यावर एक फोटो घ्या, हायलाइट्सची लुकलुक (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा. पांढऱ्यावर लुकलुक येईपर्यंत आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) एकेक पायरीने वाढवा, मग एक पायरी मागे या. एक पायरी म्हणजे तृतीयांश स्टॉप. पार्श्वभूमी कशीही बदलली तरी बगळ्यावरचं ऊन तेच असल्याने हे सेटिंग टिकतं. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात उजेड भराभर वाढतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. फोटो रॉ मध्येच (प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या, पण कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, कारण लुकलुक आणि हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) जेपीईजीवरून काढलेले असतात आणि भडक स्टाइलमध्ये ते नसलेलं संकट दाखवतात. खरं तर पांढऱ्या पक्ष्यासाठी पातळ ढगांचा दिवस उन्हापेक्षा सरस. पिसांची रेष न् रेष येते आणि हवेची थरथरही कमी असते.

१/१६०० ला चिकटून राहण्याची गरज नाही. बीनबॅगवर टेकवलेल्या लेन्सने निवांत बसलेला पक्षी १/२५० ला नीट येतो. ६४०० आयएसओ लागत होता तिथे १००० पुरतो, आणि धुक्याच्या फोटोत हा फरक मोठा, कारण नंतर कॉन्ट्रास्ट वाढवताना नॉइजही वाढतो. चरणारा, मान हलवणारा पक्षी असेल तर १/८००. उडणारी बदकं, बगळे १/१६०० ते १/२०००. लहान चपळ पक्षी १/३२०० च्या आसपास. बर्फ पडत असेल तर १/१००० ला हिमकण ठिपके होतात, १/१२५ ला रेघा. रेघा हव्या असतील तर पक्षी पूर्ण स्थिर हवा.

धुक्यात फोकस पुढेमागे भटकतो, कारण त्याला पकडायला कडाच मिळत नाही. पक्ष्याचा डोळा शोधणारी सोय अशा वेळी गोंधळते. ती बंद करून एकच बिंदू किंवा त्याभोवतीचा छोटा गट घ्या. बिंदू पिसांच्या मऊ पसरटीवर ठेवू नका. चोचीची कड, पायाची रेघ, छाती आणि फांदी जिथे भेटतात ती जागा, असं काहीतरी धरा. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकस ठरावीक अंतरापुरताच फिरू देणारी कळ) असेल तर लावा. तरी जमलं नाही तर साधारण तेवढ्याच अंतरावरच्या बोरूच्या काडीवर फोकस घेऊन मग पक्ष्यावर या. पडत्या बर्फात फोकस हिमकणांवर उड्या मारतो; तिथे ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्ये काही आलं तरी कॅमेरा पक्ष्याला सोडणार नाही.

एक प्रयोग नक्की करा: पक्ष्याच्या श्वासाची वाफ. साधारण ७ अंशांच्या खाली, दमट आणि वारा नसलेली पहाट हवी, म्हणजे वाफ लगेच विरत नाही. इथे सूर्य पाठीशी नको, पक्ष्याच्या मागे, किंचित बाजूला आणि क्षितिजालगत हवा. पार्श्वभूमी अजून सावलीत असलेली गर्द झाडी हवी. उजळ आकाशासमोर वाफ दिसतच नाही. गाणारा पक्षी बहुतेकदा त्याच त्या फांदीवर परत येतो, तीवर फोकस लावून थांबा. १ ते १.५ स्टॉप कमी ठेवा, शटर १/१००० आणि चोच उघडायच्या क्षणापासून सलग फ्रेम. वाफ चोच उघडल्यावर नाही, सूर संपता संपता सर्वांत दाट दिसते. कडेची पिसं सोनेरी होतात. रॉ उघडल्यावर व्हाइट बॅलन्स आपोआप दुरुस्त करू देऊ नका, नाहीतर सकाळचा सगळा रंग पुसला जातो. ५२०० ते ५६०० केल्विनच्या आसपास ठेवून पाहा.

संपादनात डीहेझची (धुरकटपणा कमी करणारी) पट्टी पूर्ण फोटोवर ओढणं टाळा. धुक्याचा फोटो फिकटच असतो, त्यात शुद्ध काळा रंग नसणं हा दोष नाही. फक्त पक्ष्यावर मास्क लावून थोडा कॉन्ट्रास्ट द्या, पार्श्वभूमी तशीच राहू द्या. पक्ष्याच्या कडेला उजळ वलय दिसू लागलं की दोन पावलं मागे या.

राहता राहिली बॅटरी आणि बाष्प. लिथियम-आयन बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट (आतलं द्रावण) थंडीत घट्ट होतं, अंतर्गत रोध वाढतो आणि आत चार्ज असूनही कॅमेरा बॅटरी संपली म्हणतो. जादाची बॅटरी बॅगेत नको, अंगालगतच्या खिशात ठेवा, आणि संपलेलीही तिथेच टाका. ऊब मिळाल्यावर ती पुन्हा थोडा वेळ चालते. मिररलेस बॉडीत इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत वीज खातो, म्हणून पक्षी नसताना कॅमेरा झोपू द्या आणि काढलेले फोटो जागेवर चाळत बसू नका. शून्याखाली गार झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियमचा थर जमून ती कायमची कमजोर होते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

बाष्प धरतं ते गार काच ऊबदार, दमट हवेत आणल्यामुळे. बाहेरच, घरात शिरण्याआधी, कार्ड आणि बॅटरी काढून घ्या. कॅमेरा लेन्ससह झिपच्या मोठ्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा आणि ती कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवून चेन लावा. दोन तास, मोठी लेन्स असेल तर तीन, उघडू नका. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. मध्येच चहापुरतं आत यायचं असेल तर कॅमेरा बाहेर सावलीत, सुरक्षित जागी राहू द्या. दर वेळी आत-बाहेर केल्यानेच ओल आत मुरते. शेतात बसलेलं असताना समोरच्या काचेवर दव धरत असेल तर हूड लावलेला ठेवा, लेन्स आकाशाकडे तोंड करून ठेवू नका आणि काचेवर तोंडाने फुंकर मारू नका. हिमकण मऊ ब्रशने झटका, पुसू नका. बाहेरच्या काचेवरचं बाष्प आपोआप उडतं. आतल्या भिंगांवर धरलेलं असेल तर लेन्स दोन्ही टोपणं काढून, ताज्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर किंवा हीटर लावू नका. दोन दिवसांनीही धूसर डाग दिसत असेल तर वाट न पाहता सर्व्हिसिंगला द्या, कारण तशा ओलीत बुरशी धरली की ती भिंगाचं कोटिंग खाते आणि मग साफसफाईने काम भागत नाही.